स्थानिक ख्रिस्ती टीव्ही चॅनेल चालतं कसं? पोर्ट्समथच्या बंद पडलेल्या स्टेशनपासून खान्देशातल्या मोबाईलपर्यंत

रविवारची सकाळ. जळगाव, भुसावळ, धुळे, नवापूर, गाव कोणतंही घ्या. चर्चमधली उपासना मोबाईलवर लाईव्ह असते. ट्रायपॉडला लावलेला फोन, ढोलकी-पेटीवरची गीतं, पाळकांचं प्रवचन आणि खाली कमेंटमध्ये ‘आमेन’. व्हिडिओच्या कोपऱ्यात एक लोगोही असतो. बघणारा सहज म्हणतो, ‘आमच्या चर्चचं चॅनेल आहे.’

पण हे खरंच टीव्ही चॅनेल आहे का? केबलवर दिसणारं धार्मिक चॅनेल आणि फोनवर दिसणारं हे चॅनेल यांत फरक काय? केबलवर जायचं झालं तर परवानगी कोण देतं, पैसा कुठून येतो आणि काही चूक झाली तर जबाबदार कोण?

हे प्रश्न आता महत्त्वाचे झाले आहेत, कारण धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली चर्चं आणि धर्मांतर हा थेट विधानसभेत गाजलेला विषय आहे. अशा वातावरणात तीस सेकंदांची क्लिपही गावाचं वातावरण तापवू शकते. म्हणूनच या चॅनेलांचा इतिहास आणि त्यामागची यंत्रणा समजून घेऊया.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

टीव्ही स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅमेरा आणि स्टुडिओ येतो. प्रत्यक्षात तो सगळ्यात सोपा भाग आहे. स्टेशन उभं राहतं ते तीन गोष्टींवर.

पहिली, परवानगी. सरकार तुम्हाला प्रसारण करू देतं का?

दुसरी, वाहतूक. तुमचा सिग्नल लोकांच्या घरापर्यंत कोण नेतं? टॉवर, सॅटेलाइट, केबलवाला की इंटरनेट?

तिसरी, रोजचा खर्च. धार्मिक चॅनेलला साबण-शाम्पूच्या जाहिराती फारशा मिळत नाहीत. मग वीजबिल कोण भरतं?

जगातल्या प्रत्येक ख्रिस्ती चॅनेलचा इतिहास या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्याचा इतिहास आहे.

सुरुवात कुठे झाली? सदतीस हजार डॉलरचं बंद स्टेशन

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पोर्ट्समथ नावाचं बंदराचं शहर आहे. तिथे चॅनेल क्रमांक २७ वर चालणारं एक छोटं टीव्ही स्टेशन बंद पडलं होतं. पॅट रॉबर्टसन या तरुणाने ते विकत घेतलं. त्याचे वडील अमेरिकेचे सिनेटर होते आणि त्याने स्वतः येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती. पण हातात पैसा जवळपास नव्हता. सौदा ठरला सदतीस हजार डॉलरला. जानेवारी १९६० मध्ये ‘ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क’ म्हणजे सीबीएन ही संस्था स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९६१ रोजी स्टेशन सुरू झालं. नाव होतं डब्ल्यूवायएएच. हिब्रू बायबलमधल्या देवाच्या ‘याहवे’ या नावावरून ते घेतलं होतं.

स्टेशन स्वस्तात का मिळालं? कारण ते यूएचएफ पट्ट्यातलं होतं. तेव्हाच्या बहुतेक टीव्ही संचांना हा पट्टा पकडताच येत नव्हता. म्हणजे स्टेशन सुरू, पण बघणारे मोजके. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेने कायदा केला की नव्या टीव्हीत यूएचएफची सोय असलीच पाहिजे. १९६४ पासून तसे संच बाजारात आले आणि या स्टेशनचे प्रेक्षक वाढायला लागले. वाहतुकीचा प्रश्न प्रवचनाने सुटला नाही, तो कायद्याने सोडवला.

‘७०० क्लब’ म्हणजे काय?

राहिला खर्चाचा प्रश्न. १९६३ मध्ये स्टेशनला महिन्याला सात हजार डॉलर लागत होते. रॉबर्टसन यांनी टीव्हीवरूनच आवाहन केलं की महिन्याला दहा डॉलर देणारी ७०० माणसं हवीत. हिशेब सरळ होता, ७०० गुणिले १० बरोबर सात हजार. याच आवाहनातून पुढे ‘द ७०० क्लब’ हा कार्यक्रम जन्मला. तो आजही चालतो.

हा हिशेब साधा वाटतो, पण त्याने धार्मिक टीव्हीचं अर्थकारण ठरवून टाकलं. जाहिरातदार नको, एखादा मोठा दाताही नको. दरमहा थोडं थोडं देणारे शेकडो प्रेक्षक हवेत. आज तुम्ही कुठल्याही धर्माचं भक्ती चॅनेल लावा, खाली सरकणाऱ्या पट्टीत खाते क्रमांक दिसतो. त्याची मुळं या ७०० माणसांत आहेत.

एप्रिल १९७७ मध्ये सीबीएन सॅटेलाइटवरून देशभरातल्या केबलवर गेलं. त्या केबल चॅनेलमधून पुढे वेगळी कंपनी झाली आणि १९९७ मध्ये ती १.९ अब्ज डॉलरला विकली गेली. पोर्ट्समथचं मूळ स्टेशन त्याआधीच, १९८९ मध्ये, दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. रॉबर्टसन यांचं जून २०२३ मध्ये निधन झालं. दरम्यान ते खुद्द राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतही उतरले होते. गावातलं स्टेशन राष्ट्रीय राजकारणापर्यंत कसं पोहोचतं, याचं हे ठळक उदाहरण आहे.

आणि याच मॉडेलची काळी बाजू

सीबीएनच्या सुरुवातीच्या काळात जिम आणि टॅमी बेकर हे जोडपं तिथे मुलांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम करायचं. पुढे त्यांनी ‘पीटीएल’ हे स्वतःचं नेटवर्क काढलं. प्रेक्षकांना सांगितलं की हजार डॉलर द्या, आयुष्यभराचे भागीदार व्हा आणि आमच्या सुट्टीच्या संकुलात दरवर्षी काही रात्री फुकट राहा. हॉटेलात जितक्या खोल्या होत्या, त्याच्या कितीतरी पट लोकांना ही भागीदारी विकली गेली. १९८७ मध्ये बेकर यांना पद सोडावं लागलं आणि १९८९ मध्ये फसवणुकीच्या २४ आरोपांत ते दोषी ठरले.

इथे एक मुद्दा लक्षात घ्या. पैसा देणाऱ्यांनी तो श्रद्धेने दिला होता आणि श्रद्धेने दिलेल्या पैशाचा हिशेब लोक सहसा मागत नाहीत. देणगीवर चालणाऱ्या चॅनेलचा हाच सगळ्यात कच्चा दुवा आहे. चॅनेल कुठल्या धर्माचं आहे, याने त्यात फरक पडत नाही.

भारतात हे उशिरा का आलं?

कारण आपल्याकडे प्रसारण बराच काळ फक्त सरकारचं होतं. आकाशवाणी आणि दूरदर्शन सोडून तिसरा पर्याय नव्हता. मग धार्मिक संस्थांनी सरहद्दीबाहेरून रेडिओ लावला. १९७० पासून सेशेल्स बेटांवरून ‘फीबा’ ही संस्था शॉर्टवेव्हवर भारतीय भाषांत कार्यक्रम पाठवायची. ते शॉर्टवेव्ह केंद्र २००३ मध्ये बंद झालं. ‘ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ’ने १९८७ मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर केंद्र सुरू केलं. या संस्थेचा भारतातला स्टुडिओ पुण्याच्या सॅलिसबरी पार्कमध्ये. म्हणजे कार्यक्रम आपल्याकडे तयार व्हायचा, परदेशातल्या टॉवरवरून निघायचा आणि पुन्हा आपल्याच गावातल्या रेडिओवर ऐकू यायचा.

पडद्याच्या बाबतीत गावागावांत चालला तो सिनेमा. १९७८ चा मूळ तेलुगू चित्रपट ‘करुणामयुडू’ हिंदीत ‘दयासागर’ म्हणून डब झाला आणि प्रोजेक्टर लावून मैदानात दाखवला गेला. त्याला ना सॅटेलाइट लागायचा, ना केबल.

मराठी ख्रिस्ती समाजाची खरी ताकद मात्र छापील शब्दात आणि कीर्तनात होती. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासूनचं. ‘निरोप्या’ १९०३ पासूनचं. वसईच्या ‘सुवार्ता’चे अनेक वर्षांचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली होती आणि पुढे कवी नारायण वामन टिळकांनीही हा प्रकार वापरला. टाळ, झांज, अभंगाची चाल आणि आख्यान येशूचं. सांगायची गोष्ट वेगळी असली तरी सांगायची रीत मराठीच होती.

टीव्हीचा दरवाजा उघडला तो १९९५ मध्ये. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्याच वर्षी केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आला. २००० मध्ये भारतीय खासगी कंपन्यांना देशातूनच सॅटेलाइटवर सिग्नल पाठवायची मुभा मिळाली. ‘आस्था’ आणि ‘संस्कार’ ही भक्ती चॅनेलं त्याच वर्षीची.

केरळला जमलं, मराठीत अवघड का?

२००५ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यातल्या पेरुवण्णामुळी या गावातून ‘शालोम टीव्ही’ सुरू झालं. ते उभं केलं कॅथलिक समाजातल्या सर्वसामान्य लोकांच्या गटाने. त्याआधी त्यांचं मासिक होतं. चॅनेलवर व्यावसायिक जाहिराती नाहीत, खर्च प्रेक्षकांच्या देणगीतून. म्हणजे ७०० क्लबचंच तत्त्व. चेन्नईच्या कॅथलिक महाधर्मप्रांताचं ‘माधा टीव्ही’ही आहे.

आता आकडे बघा. २०११ च्या जनगणनेनुसार केरळमध्ये ख्रिस्ती लोक सुमारे ६१ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या १८ टक्क्यांहून जास्त. महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यातही मुंबई-वसईतला कॅथलिक, नगरचा प्रोटेस्टंट आणि नवापूरचा आदिवासी ख्रिस्ती यांचा पंथ वेगळा, घरातली भाषा वेगळी आणि खिसाही वेगळा.

खान्देशापुरतं बघितलं तर पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या मिशनऱ्यांनी काम सुरू केलं. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासूनचं. कॅथलिक चर्चच्या रचनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ मध्ये झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. या समाजाचा मोठा भाग शेतकरी, मजूर आणि आदिवासी आहे. दरमहा ठरावीक रक्कम देणारे पुरेसे दाते इथून उभे करणं हे कोची-कोझिकोडइतकं सोपं नाही.

सॅटेलाइट चॅनेल काढायचं तर काय लागतं?

नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही परवानगी कंपनीला किंवा एलएलपीला मिळते. चर्च, मंदिर किंवा मशिदीच्या ट्रस्टला थेट मिळत नाही. बातम्या नसलेल्या पहिल्या चॅनेलसाठी कंपनीची निव्वळ मालमत्ता किमान ५ कोटी रुपये हवी. बातम्यांच्या चॅनेलसाठी २० कोटी. गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. परवानगी १० वर्षांची.

परवानगीने काम संपत नाही. केबल आणि डीटीएच कंपन्यांनी चॅनेल दाखवायचं तर त्यांना वाहतूक शुल्क द्यावं लागतं. डीडी फ्री डिशवरची जागा प्रसार भारती लिलावाने देते.

धार्मिक संस्थांनी प्रसारणात असावं का, हाही जुना वाद आहे. ट्रायने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये शिफारस केली की राजकीय पक्ष, सरकारं आणि धार्मिक संस्था यांना या क्षेत्रात प्रवेश नसावा. खासगी एफएमच्या धोरणात धार्मिक संस्थांच्या नियंत्रणाखालच्या कंपन्यांना बंदी आहेच. टीव्हीत मात्र सगळ्याच धर्मांची चॅनेलं कंपनीच्या नावाने चालतात.

मग धुळ्याच्या केबलवर चर्चचं चॅनेल येऊ शकतं?

समजा, धुळ्यातल्या एका चर्चला वाटलं की नाताळची उपासना आणि रविवारचं प्रवचन शहराच्या केबलवर दाखवावं. सॅटेलाइट परवडणार नाही. पूर्वी अशा वेळी ओळखीच्या केबलवाल्याला गाठलं की काम व्हायचं. तो व्हीसीआर किंवा डीव्हीडी लावायचा आणि त्याच वायरवर लोकल चॅनेल सुरू.

डिजिटल सेट-टॉप बॉक्सने ते बदललं. तिसऱ्या टप्प्यात उरलेल्या शहरांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती, ग्रामीण भागासाठी शेवटी ३१ मार्च २०१७. आता सिग्नल एन्क्रिप्ट होऊन येतो. त्याची किल्ली गल्लीतल्या केबलवाल्याकडे नसते, ती मोठ्या वितरकाकडे म्हणजे एमएसओकडे असते.

३० नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार अशा लोकल चॅनेलला ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. नियम थोडक्यात असे:

– नोंदणी एमएसओच्या नावावर होते, चर्चच्या नाही. शुल्क फक्त १,००० रुपये प्रति चॅनेल.

– अशी चॅनेलं एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. त्याशिवाय जिल्हा पातळीवर आणखी दोन.

– पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असं लिहावं लागतं.

– कार्यक्रम त्याच नेटवर्कपुरता, दुसऱ्याला देता येत नाही. अपवाद धार्मिक स्थळांवरच्या थेट प्रक्षेपणाचा.

– स्थानिक बातम्या द्यायच्या तर एमएसओ ही नोंदणीकृत कंपनीच हवी.

– दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं.

म्हणजे कायदा वाटेत उभा नाही आणि शुल्कही किरकोळ आहे. पण जागा मोजकी आहे आणि ती कुणाला द्यायची, हे एमएसओ ठरवतो. त्याला गणपतीची मिरवणूक, नगरपालिकेच्या बातम्या आणि सोन्याच्या दुकानाच्या जाहिराती यांतून पैसा मिळतो. थोड्या कुटुंबांसाठी आणि वाद होण्याची भीती असताना तो जागा देईल का, हा पूर्णपणे धंद्याचा निर्णय आहे. इथे छोट्या समाजाची अडचण कागदावर दिसत नाही, पण ती खरी आहे.

काय दाखवता येत नाही?

केबलच्या कार्यक्रम संहितेत धर्मावर किंवा समाजावर हल्ला करणारं, धार्मिक गटाची टवाळी करणारं किंवा जातीय भावना भडकवणारं काही दाखवायला मनाई आहे. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. ख्रिस्ती प्रवचनात दुसऱ्याच्या देवाची निंदा चालत नाही आणि दुसऱ्या कुणी चॅनेलवरून ख्रिस्ती लोकांना शिव्या दिलेल्याही चालत नाहीत.

अनेकांना माहीत नसलेला नियम जाहिरातीचा आहे. केबल नियमांत धार्मिक उद्देशाच्या जाहिरातीलाच मनाई आहे. म्हणून तुम्हाला टीव्हीवर धर्मसंस्थेची तीस सेकंदांची जाहिरात दिसणार नाही, पण अर्ध्या तासाचं प्रवचन दिसेल. तो ‘कार्यक्रम’ ठरतो. अनेक चॅनेलांवर ही वेळ पैसे भरून घेतलेली असते.

आणि चमत्कार? जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ‘हनुमान चालिसा यंत्रा’च्या टीव्ही जाहिरातींबाबत निकाल दिला. वस्तूत दैवी शक्ती असल्याचा दावा करून ती टीव्हीवरून विकणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार याच खंडपीठाच्या अखत्यारीत येतात. प्रकरण यंत्राचं होतं, पण बाटलीतलं तेल किंवा पाणी ‘आजार बरा करतं’ म्हणून विकणाऱ्या कुठल्याही धर्माच्या माणसाने तो निकाल वाचायला हवा.

परदेशी पैसा घेता येतो का?

येतो, पण एफसीआरए नोंदणी असेल तरच. धार्मिक कार्यक्रमासाठी नोंदणीकृत संस्था परदेशी देणगी घेऊ शकते. बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला मात्र परदेशी पैसा पूर्ण बंद आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे मोठ्या संस्थेने परदेशातून पैसा आणायचा आणि नवापूरच्या छोट्या मंडळीला वाटायचा, हा मार्ग आता कायद्याने बंद आहे.

फोनने सगळं कसं बदललं?

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. त्या वर्षीचा ईस्टर १२ एप्रिलला होता आणि चर्चची दारं बंद होती. राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. या काळात मंदिरातली आरती, मशिदीतला बयान आणि चर्चची उपासना, सगळंच फोनवर आलं. चर्च उघडल्यावरही फोन बंद झाला नाही.

एका झटक्यात तिन्ही प्रश्न सुटले. यूट्यूब चॅनेलला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. वाहतूक इंटरनेट करतं. खर्च म्हणजे एक फोन आणि डेटा पॅक.

चौथा फायदा भाषेचा झाला. राज्यभराच्या चॅनेलला प्रमाण मराठीत बोलावं लागतं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा सांगणारे १८.६ लाख लोक आहेत आणि भिली गटातल्या भाषा बोलणारे देशभरात एक कोटीहून जास्त. अहिराणी किंवा मावचीत बोलणारं सॅटेलाइट चॅनेल काढणं धंद्याच्या दृष्टीने कठीणच. यूट्यूबवर मात्र अहिराणी गाणी धडाक्यात चालतात. शेजारच्या मालेगावने तर स्वतःचा स्वस्तातला सिनेमाच उभा केला आणि नंतर त्याच वळणाची खान्देशी कॉमेडी यूट्यूबवर नेली. त्याच रस्त्याने अहिराणी भक्तिगीत आणि मावची प्रार्थनाही येऊ शकते.

मग अडचण काय?

परवानगी गेली, तशी परवानगीबरोबर येणारी जबाबदारीची चौकटही गेली.

केबलवरच्या चॅनेलचं ९० दिवसांचं रेकॉर्डिंग असतं. २०२१ पासून सॅटेलाइट चॅनेलांसाठी तक्रारीची तीन पातळ्यांची व्यवस्था आहे आणि चॅनेलने १५ दिवसांत उत्तर देणं अपेक्षित आहे. फोनवरच्या उपासनेला यातलं काहीच नाही. व्हिडिओ टाकणारा तो कधीही काढू शकतो. बघणारा त्यातला तुकडा कापून कुठेही पाठवू शकतो.

खान्देशात हे का बोचतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरोधी कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत नवापूर परिसरातल्या अनधिकृत चर्चचा मुद्दा लक्षवेधीतून आला आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी धुळे-नंदुरबारमधल्या अनधिकृत चर्चवर सहा महिन्यांत चौकशी करून कारवाईचं आश्वासन दिलं. आरोप करणाऱ्यांचं म्हणणं आहे की आदिवासींना आमिष दाखवून धर्मांतर केलं जातं. ख्रिस्ती संघटनांचं म्हणणं आहे की धर्म पाळण्याच्या आणि सांगण्याच्या घटनात्मक हक्कालाच गुन्हा ठरवलं जातंय.

कायद्याची रेषा १९७७ च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आखली. कलम २५ नुसार आपल्या धर्माची शिकवण सांगण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ही रेषा प्रत्यक्ष घटनेला लावायची तर पूर्ण पुरावा लागतो. प्रवचनात नेमकं काय बोललं गेलं? आमिष होतं की आजाऱ्यासाठी साधी प्रार्थना? दोन तासांचं अखंड रेकॉर्डिंग असेल तर दोन्ही बाजूंना उत्तर मिळतं. व्हॉट्सॲपवरची तीस सेकंदांची क्लिप असेल तर ज्याला जे वाटतं तेच त्यात दिसतं.

म्हणूनच छोट्या मंडळीसाठी जुन्या टीव्ही स्टेशनची एक सवय आजही कामाची आहे: पूर्ण रेकॉर्डिंग तारखेसह जपून ठेवणं. त्यासाठी कुठल्याही परवान्याची गरज नाही, दोन-चार हजारांची हार्ड डिस्क पुरते.

सरकारलाही या मोकळ्या जागेची जाणीव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा आला. २०२४ मध्ये फिरलेल्या सुधारित मसुद्यात यूट्यूबवर बोलणाऱ्या व्यक्तींनाही नियमांखाली आणण्याची चर्चा होती. टीका झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. असा कायदा पुन्हा आला तर मोठी भक्ती चॅनेलं वकील लावतील. फोन आणि ट्रायपॉडवर चालणाऱ्या गावातल्या चॅनेलचं काय, हा प्रश्न तेव्हा विचारावा लागेल.

प्रेक्षक म्हणून तुम्ही काय बघाल?

हे फक्त ख्रिस्ती चॅनेलसाठी नाही. कीर्तनाचं, दर्ग्याचं, बुद्धविहाराचं, कुठलंही चॅनेल असो.

१. देणगीचा क्यूआर कोड कुणाच्या नावावर आहे? ट्रस्टच्या की एखाद्या व्यक्तीच्या? स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचा, मगच पैसे पाठवा.

२. ट्रस्ट असेल तर नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टची नोंद १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि हिशेब सादर करावा लागतो.

३. ‘८०जी खाली करसवलत मिळेल’ असं कुणी सांगितलं तर प्रमाणपत्र बघा. एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला ही सवलत सहसा मिळत नाही.

४. औषध बंद करा, प्रार्थनेने किंवा यंत्राने बरं होईल, असं कुणी म्हणत असेल तर तिथेच थांबा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

५. कुणाच्याही धर्माची वादग्रस्त क्लिप आली तर पुढे पाठवण्याआधी मूळ पूर्ण व्हिडिओ शोधा. तारीख, गाव आणि आधी-नंतरचं बोलणं बघा. ते सापडत नसेल तर क्लिप तुमच्या फोनवरच राहू द्या.